आवाज न करणारा एक्झॉस्ट फॅन शोधताना

आमचा फ्लॅट टिळकवाडीत, बिल्डिंग जुनी, आणि बाथरूमचा एक्झॉस्ट बिल्डरनेच बसवून दिलेला. ९ इंची, लोखंडी पात्यांचा, खिडकीच्या लूव्हरच्या वरच्या काचा काढून तिथं प्लायवूड ठोकलेलं आणि त्याला भोक पाडून फॅन. बेळगावात कितीतरी घरात हीच व्यवस्था आहे. नवरा उद्यमबागेत कामाला, फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला आंघोळ, आणि बाथरूमच्या भिंतीला लागूनच सासूबाईंची कॉट. फॅन लावला की त्या उठून बसणार, नाही लावला की पावसाळ्यात छताला काळी बुरशी. आपल्याकडे जूनला पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत टॉवेलसुद्धा धड वाळत नाही हे बेळगावकरांना सांगायला नको, त्यामुळे फॅन बंद ठेवणं हा काही उपाय नव्हता.

तर २०२४ च्या एप्रिलमध्ये ठरवलं की पावसाच्या आत हा बदलायचा. मला वाटलेलं एका रविवारचं काम आहे. शेवटी जून संपत आला तेव्हा फॅन बसला. मधल्या काळात बरंच काही कळलं, कुणाला कामाला येईल म्हणून क्रमाने लिहितेय.

सुरुवातीला इलेक्ट्रिशियनला बोलवलं. ते कन्नड बोलणारे, त्यांनी फॅन लावला, दोन मिनिटं कान दिला आणि म्हणाले, “सप्पळ भाळ बर्तैति अक्का (म्हणजे आवाज फार येतोय ताई), पण हा सगळा आवाज फॅनचा नाही.” मग एमसीबी पाडून, म्हणजे वीज बंद करून, फॅन खाली काढला, पातं हाताने फिरवून दाखवलं, दांडा बुशमध्ये (ज्या कडीत तो फिरतो तिच्यात) चांगलाच डुगडुगत होता. त्यानंतर वॉशिंग मशीनवर जाड टॉवेल टाकून त्यावर फॅन ठेवून त्यांनी तात्पुरती वायर जोडली आणि चालू केला (हे त्यांनी केलं, घरी आपण करू नये, उघडी पाती असतात). आणि खरंच की, आवाज निम्म्याच्याही खाली आला. म्हणजे प्लायवूडचं ते फळकुट डग्ग्यासारखं घुमत होतं आणि आम्ही इतकी वर्षं फॅनला शिव्या घालत होतो.

म्हणून पहिला सल्ला हाच, नवीन फॅन बघायच्या आधी आवाज नेमका कुठला आहे ते बघा. सारखा एकसुरी हुंकार असेल तर मोटर किंवा ती ज्यावर बसवलीय ते कंप पावतंय. खरखर, टकटक असेल तर बुश किंवा बेअरिंग गेलंय, नाहीतर पात्यावर धूळ जमून तोल गेलाय. नुसता वाऱ्याचा सूं सूं असेल तर तो हवेचा आवाज, फॅन खोलीच्या मानाने मोठा आहे किंवा हवेला वाट अरुंद आहे. आमच्याकडे तिन्ही होतं.

इलेक्ट्रिशियननी आधी स्वस्तातला इलाज केला, स्क्रूखाली रबरी वॉशर आणि प्लायवूडच्या कडेला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या. मोबाईलवर डेसिबल मोजायचं फुकटातलं अॅप टाकलं होतं. असल्या अॅपचा आकडा काही खरा धरायचा नसतो, पण तोच फोन, तीच जागा, दार बंद, असं मोजलं तर आधीचा आणि नंतरचा फरक कळतो. बेसिनजवळ उभं राहून आधी ६८ दाखवत होतं, पट्ट्या लावल्यावर ६३. बरं वाटलं, पण सासूबाई म्हणाल्या, “होय, कमी झालाय, पण जाग यायची ती येतीच.” बुश बदलून मिळतंय का म्हणून वाइंडिंगवाल्याकडे विचारलं, तो म्हणाला त्या मापाचं आता येत नाही, लेथवर करून घ्यायला लागेल आणि एवढा खर्च ह्या फॅनला करू नका. मग नवीनच घ्यायचं ठरलं.

आता किती मोठा फॅन पाहिजे ते. दुकानात गेलं की पहिला प्रश्न “सहा इंची देऊ का नऊ इंची?” असा असतो, पण तो प्रश्नच बरोबर नाही. बाथरूम केवढी आणि तासाला किती हवा बाहेर काढायची, ते आधी काढायचं. आमची बाथरूम ७ फूट बाय ५ फूट, उंची ९ फूट, म्हणजे ३१५ घनफूट, घनमीटरमध्ये साधारण ९. बाथरूममधली हवा तासाला ८ ते १० वेळा बदलली की पुरतं असा ढोबळ हिशोब असतो. म्हणजे आम्हाला तासाला ९० घनमीटर पुरे. काही बॉक्सवर हा आकडा सीएफएममध्ये म्हणजे मिनिटाला किती घनफूट असा असतो, त्याला १.७ ने गुणलं की घनमीटर येतात. ९० म्हणजे ५३ सीएफएम. एवढ्याशा कामाला आमचा जुना ९ इंची म्हणजे गरजेच्या कितीतरी पट मोठा होता, आणि मोठ्या फॅनचा मोठा आवाज फुकट ऐकत होतो. ज्यांची बाथरूम ह्याच्याएवढी आहे त्यांना ४ इंची पुरतो, फक्त पाईप सरळ आणि आखूड पाहिजे. पाईप लांब असेल, बेंड असतील, तर हे साधे पंख्याच्या पात्यांचे फॅन दम टाकतात, तिथं फॉल्स सीलिंगच्या वर बसतो तो इनलाइन डक्ट फॅन बघावा. तो महाग पडतो पण मोटर डोक्यापासून लांब जाते म्हणून आवाजही कमी.

मेमध्ये खडेबाजारात गेलो. दोन-तीन दुकानात सगळे फॅन काउंटरवर ठेवून चालू करून दाखवले आणि सगळेच एकदम शांत वाटले, कारण बाहेर रिक्षा, टू-व्हीलर आणि हॉर्न. दुकानात आवाजावरून काही कळत नाही. तिथं दोन गोष्टी मात्र करता येतात. फॅन चालू असताना बॉडीवर हात ठेवून बघायचं, हाताला झिणझिण्या आल्यासारखं झालं तर घरी भिंत पण तशीच थरथरणार. आणि स्विच बंद केल्यावर पातं थांबेपर्यंत कान लावायचा, खरखर असेल तर त्या शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत ऐकू येते. एका दुकानदाराला मी हे करताना बघून हसायला आलं, “काय ओ वैनी, स्टेथोस्कोप आणून देऊ काय?”

बॉक्सवर “सायलेंट” असं मोठ्या अक्षरात असतं, त्याला काही अर्थ नाही, आकडा बघायचा. आणि आकडा असला तरी तो किती अंतरावरून मोजलाय ते बघायचं. कुणी १ मीटरवरून मोजतं कुणी ३ मीटरवरून. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे १ मीटरवर ४० असलेला फॅन ३ मीटरवरून मोजला की ३० च्या आसपास दाखवणार, फॅन तोच. आणि १० डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, त्यामुळे हा फरक लहान नाही. शिवाय आपल्या बाथरूमला वरपर्यंत टाइल्स, आवाज शोषायला काहीच नाही, त्यामुळे बॉक्सवरचा आकडा घरी कधीच मिळत नाही. दोन फॅनची तुलना करायला तो वापरायचा, बस. मी जे जे विचारलं ते असं: तासाला किती घनमीटर, किती डेसिबल आणि किती अंतरावर, बॉल बेअरिंग आहे का साधं बुश, मोटर रबरावर बसवलीय का थेट प्लास्टिकवर, आणि आयपीएक्स४ आहे का म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतील का. बहुतेक ठिकाणी उत्तर “चांगला माल आहे, तक्रार येत नाही.” एकाच दुकानात त्यांनी कंपनीचा कॅटलॉग काढून पुढ्यात ठेवला. शेवटी तिथंच घेतला.

६ इंची प्लास्टिकचे अकराशे-बाराशेपासून होते, पण त्यांचा आवाज ४५ च्या आसपास. मला पाहिजे होता तसा ४ इंची, ९५ घनमीटर, ३ मीटरवर २७ डेसिबल, ८ वॉट, बॉल बेअरिंग, मागे झडप असलेला, तो त्यांच्याकडे स्टॉकमध्ये नव्हता. म्हणून आधी ऑनलाइन मागवला, तो आला तेव्हा मागचा गोल गळा तडकलेला. बॉक्स उघडताना व्हिडिओ काढलेला म्हणून परत घेतला, पण पिकअपला माणूस येईना, रोज “उद्या येतो” असा मेसेज, पैसे यायला मे संपला. असल्या वस्तूला व्हिडिओ काढाच. मग दुकानात ५०० अॅडव्हान्स देऊन हुबळीहून मागवला, १८ टक्के जीएसटी धरून ३,२५० ला पडला.

इकडे बिल्डिंगच्या असोसिएशनचं वेगळंच चाललेलं. खिडकीतलं प्लायवूड काढून भिंतीला कोअर कटिंग करून फॅन बसवायचा म्हणजे बाहेरच्या भिंतीला भोक, आणि त्याला असोसिएशनची परवानगी लागते. आमचे सेक्रेटरी हायस्कूलमध्ये शिक्षक, ते इलेक्शन ड्युटीत. बेळगावचं मतदान ७ मेला होतं, ते झाल्यावर भेटले. फॉर्म कन्नड आणि इंग्लिशमध्ये, मी इंग्लिशमध्ये भरला, सोबत भिंतीचा हाताने काढलेला नकाशा, भोक कुठं, केवढं, जमिनीपासून किती उंच. वरच्या आणि खालच्या फ्लॅटची सही, कारण आमची दमट हवा कुणाच्या बाल्कनीत जायला नको. वरच्यांनी लगेच सही दिली. खालच्या काकूंची अट होती की पाणी आमच्या खिडकीवर गळायला नको, तसं फॉर्मवर लिहून घेतलं. २ जूनच्या रविवारी मीटिंग, तिथं मंजूर, २,००० रुपये डिपॉझिट, आणि ड्रिलिंग फक्त शनिवारी १० ते १. ज्यांच्याकडे असोसिएशन आहे त्यांनी फॅन घ्यायच्या आधी हे सुरू करा, फॅन मिळायला वेळ लागत नाही तेवढा सहीला लागतो.

८ जूनचा शनिवार ठरला आणि पहाटेपासून पाऊस. कोअर कटरवाल्याने फोनवरच सांगितलं की बाहेरच्या बाजूला चढून बघितल्याशिवाय भोक पाडणार नाही आणि पावसात चढणार नाही. बरोबरच होतं त्याचं. पुढच्या शनिवारी त्याला दुसरं काम. शेवटी २२ जूनला सकाळी उघडीप होती तेव्हा झालं.

कोअर कटिंग ही बघण्यासारखी गोष्ट आहे. भिंत ९ इंची विटांची, त्याने आधी ठोकून ठोकून बीम कुठं आहे ते बघितलं, गिझरची पाईप भिंतीतून कशी गेलीय ते विचारलं, मग मशीन भिंतीला बोल्टने बांधून ५ इंची गोल पातं पाणी सोडत सोडत आत घातलं. विटेचा अख्खा गोल तुकडा बाहेर आला, आत लाल आणि कडेला सिमेंटचा करडा काठ, माझ्या मुलीने तो दाराचा अडकण म्हणून ठेवून घेतलाय. लाल चिखलाचं पाणी मात्र बाहेरच्या भिंतीवरून खाली ओघळतं, खाली एक माणूस बादली आणि पोतं घेऊन उभा करा, नाहीतर काकूंची खिडकी गेलीच. १,२०० घेतले त्याने.

भोकात बसवायला आपला नेहमीचा ४ इंची पीव्हीसी पाईप, तो बाहेरून ११० मिलिमीटर असतो आणि फॅनचा १०० मिलिमीटरचा गळा त्यात नीट जातो. पाईप बाहेरच्या बाजूला किंचित उतरता ठेवायचा, म्हणजे वाफेचं पाणी आणि पावसाचा झोत आत न येता बाहेर जातो. बाहेरून खाली तोंड असलेलं काउल म्हणजे टोपी आणि आत जाळी, कबुतरांसाठी. पाईप आणि भिंत ह्यांच्यामध्ये सिमेंट न भरता फोम आणि कडेने सिलिकॉन भरायला सांगितलं, थरथर भिंतीत उतरू नये म्हणून. पाईप, काउल, सिलिकॉन मिळून ४८०.

फॅन बसवताना इलेक्ट्रिशियननी एक गोष्ट केली ती लक्षात ठेवा. चारही स्क्रू रबरी वॉशर घालून, आणि पूर्ण आवळले नाहीत. प्लास्टिकची बॉडी आवळून वाकडी झाली की पातं कडेला घासतं आणि नवा कोरा फॅन पहिल्या दिवसापासून खरखरतो. मला टायमरवाला पाहिजे होता, म्हणजे आंघोळ झाली, स्विच बंद केला, तरी फॅन १५-२० मिनिटं चालू राहणार. त्याला स्विचच्या वायरीशिवाय एक कायम चालू असलेली फेज लागते, म्हणजे न्यूट्रल धरून तीन वायरी, आणि आमच्या जुन्या पाईपमधून दोनच आलेल्या. नवीन ओढायची तर टाइल्स फोडा. तो नाद सोडला. आता शेवटी जो आंघोळ करतो तो २० मिनिटांनी बंद करतो, निदान तसं ठरलंय. त्यांची मजुरी ६००.

त्या दिवशी संध्याकाळी फॅन लावला, अॅपवर ४७. मला वाटलं झालं. पण गरम पाण्याची आंघोळ केली तर आरसा पहिल्यासारखाच धुरकट, अर्धा तास झाला तरी. टिश्यू पेपरचा तुकडा फॅनच्या जाळीला लावून बघितला, चिकटत होता, म्हणजे फॅन हवा तर खेचत होता. इलेक्ट्रिशियनना फोन केला, त्यांनी विचारलं, “खिडकी उघडी आहे काय?” होती. लूव्हर फॅनच्या अगदी शेजारी, फॅन बाहेरचीच हवा लूव्हरमधून घेऊन परत बाहेर टाकत होता, बाथरूममधली वाफ जागच्या जागी. लूव्हर बंद केले तर फॅनचा आवाज जरा बदलला, कोंडल्यासारखा झाला, कारण पावसाने दार फुगून उंबऱ्याला घट्ट बसलेलं, आत हवा यायला जागाच नाही. आता टिश्यूही चिकटेना, खाली पडला. जेवढी हवा बाहेर जाणार तेवढी कुठूनतरी आत यायलाच पाहिजे. सुताराला बोलवून दाराच्या खालून अर्धा इंच रंधून घेतलं, ३००, आणि प्लायवूडच्या जागी परत काचा बसवल्या, २२०. आता हवा पॅसेजमधून दाराखालून येते, बाथरूमभर फिरून समोरच्या भिंतीतून जाते. टिश्यू चिकटला आणि आवाजही परत पहिल्यासारखा झाला. सगळं मिळून डिपॉझिट सोडून ६,०५० गेले.

सासूबाईंची जाग आता फॅनने येत नाही, बादलीत पडणाऱ्या नळाने येते, पण त्याला मी काही करू शकत नाही.

वीज वाचते का असं बहिणीने विचारलं. जुना ४० वॉटचा, नवा ८ चा, रोज तासभर धरला तर महिन्याला एक युनिट वाचतं. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे आमचं हेस्कॉमचं विजेचं बिल तसंही शून्य येतंय, त्यामुळे विजेसाठी म्हणून बदलत असाल तर बदलू नका.

एक महत्त्वाचं. ज्यांच्या बाथरूमच्या आत गॅस गिझर आहे त्यांनी एक्झॉस्ट लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. दार-खिडकी बंद असताना फॅन हवा खेचतो तेव्हा गिझरचा जळका वायू वर जायच्या ऐवजी आतच परत येऊ शकतो, आणि कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, कळायच्या आत माणूस चक्कर येऊन पडतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्यावर घ्या, फॅनचं नंतर बघा. आमचा इलेक्ट्रिकचा आहे म्हणून ही भानगड नव्हती.

साफसफाईचं असं की दोन-तीन महिन्यांनी एमसीबी पाडून पुढची जाळी काढायची, साबणाच्या पाण्यात धुवायची, पातं कोरड्या ब्रशने पुसायचं, आत पाणी मारायचं नाही. मागची झडप धुळीने चिकटते, ती बोटाने उघडझाप करून बघायची, अर्धवट उघडी राहिली की फडफडते. बिलावर फॅनचा सिरियल नंबर आणि दुकानाचा शिक्का तेव्हाच मारून घ्या, वॉरंटीला नुसता बॉक्स दाखवून चालत नाही असं कॅटलॉगवाल्या दुकानदारानेच बजावलेलं. असोसिएशनचं डिपॉझिट जुलैच्या मीटिंगनंतर चेकने मिळालं, पण त्याच्या आधी सेक्रेटरी खालच्या काकूंकडे जाऊन खिडकी बघून आले, आणि मूळ पावती मागितली, झेरॉक्स चालत नाही म्हणाले.